मोत्याची गोळी आणि माझी गोळी



वर्षातले सहा महिने मी ठाण्यात असते आणि सहा महिने मुलीकडे डब्लिनला. डब्लिन म्हटले की आपल्याकडच्या मैत्रिणींना आयर्लंड आठवते. हे डब्लिन अमेरिकेतले, कॅलिफोर्नियातले. सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेकडे निघालेल्या बार्ट रेल्वेच्या एका मार्गाचे शेवटचे स्थानक इथे आहे. घरे नवी, रस्ते रुंद, आणि संध्याकाळी बागेत चक्कर मारली तर मराठी, तेलुगू, हिंदी, सगळे कानावर पडते.

मुलीकडे एक कुत्रा आहे. त्याचे खरे नाव इंग्रजी आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्याला मोत्या म्हणते. मोत्या शहाणा आहे, पण आवाजाला फार भितो. चार जुलैला इथे स्वातंत्र्यदिनाचे फटाके वाजतात. आजूबाजूच्या पुष्कळ गावांत फटाके विकायलाच बंदी आहे, पण डब्लिनमध्ये जमिनीवर वाजणारे साधे फटाके चालतात. त्या रात्री मोत्या न्हाणीघरात शिरून थरथरत बसतो, लाळ गाळतो, दार ओरबाडतो. मागच्या वर्षी मुलीने ठरवले की या वेळी आधीच जनावरांच्या डॉक्टरांकडे जायचे. मीही सोबत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मोत्याचे वजन केले, वय विचारले, यकृताचा काही त्रास आहे का, दुसरे काही औषध चालू आहे का, सगळे विचारले. मग गोळी लिहून दिली आणि चांगली दहा मिनिटे समजावून सांगितले. गोळी फटाके सुरू होण्याच्या तासभर आधी द्या. त्याआधी एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन बघा, कारण काही कुत्री सुस्त होण्याऐवजी उलट चेकाळतात. पाय लटपटतील, जिन्यावर सोडू नका. रोज देऊ नका. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "या औषधाचा आणखी एक फायदा आहे. ते पोटात असताना जे घडतं ते कुत्र्याच्या लक्षात नीट राहत नाही. म्हणजे आजच्या रात्रीची भीती पुढच्या वर्षीसाठी साठून राहत नाही."

घरी येऊन मी बाटलीवरचे नाव वाचले. अल्प्राझोलाम.

माझ्या उशाशी असलेल्या पाकिटावरही तेच नाव होते.

मोत्याला एक रात्र विसरायची होती. मी ती गोळी अकरा वर्षे रोज रात्री घेत होते.

माझी विसरण्याची कहाणी

आमचे हे गेल्यानंतर मला झोप येईना. पंधरा दिवसांसाठी म्हणून गोळी लिहून दिली होती. पंधरा दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षे. गोळी संपली की जुनी चिठ्ठी दाखवायची, नवे पाकीट आणायचे. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मला झोप हवी होती आणि ती मिळत होती, म्हणून मीही कधी विचारले नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत माझे विसरणे वाढले होते. चष्मा, किल्ल्या हे सगळ्यांचेच होते. पण एक प्रसंग मनाला फार लागला. माझी धाकटी बहीण अश्दोदला असते. तिच्याकडे सकाळ असते तेव्हा इथे रात्र. मी नऊला गोळी घ्यायची आणि साडेनऊच्या सुमारास तिचा फोन यायचा. एके रात्री तिने मला सांगितले की तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. आम्ही अर्धा तास बोललो म्हणे. मी तिला धीर दिला, कोण सोबत राहणार ते विचारले. चार दिवसांनी मी तिला सहज विचारले, "काय गं, गुडघ्याचं काही ठरलं का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, तू माझं ऐकतेस तरी का?"

माझ्या मुलीने हे ऐकले. तिने मला काही बोलून दाखवले नाही, पण स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी वेळ घ्यायला सुरुवात केली. मलाही रात्री तोच विचार खायचा. माझ्या आईला शेवटी शेवटी आमची नावे आठवत नव्हती. आता माझी पाळी, असे मी धरून चालले होते.

मोत्याची बाटली हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा वाटले की आपण हिशेब चुकीच्या वहीत लिहीत असू.

प्रयोगशाळेतले उंदीर

लाज वाटण्याचे आणखी एक कारण होते. मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात मी सव्वीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होते. उंदरांना दाणापाणी घालणे, त्यांची वजने करणे, विद्यार्थ्यांच्या प्रयोगाची मांडामांड करणे हे माझे काम. गुंगीच्या औषधांनी जनावराचे काय होते हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही स्वतःच्या गोळीशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

आमच्याकडे एक पेटी होती. मध्ये लाकडी खांब, खाली तारांची जाळी. घंटी वाजली की थोड्या वेळाने जाळीतून विजेचा हलका झटका येई. काही दिवसांत उंदीर शिके की घंटी वाजताच खांबावर चढायचे. मग त्याला क्लोरप्रोमॅझिन टोचले की तो घंटी ऐकूनही बसून राही. झटका बसला की मात्र चढे. विद्यार्थी विचारत, "हा विसरला का?" आमचे सर म्हणत, "तो विसरलाच असं समजू नका. कदाचित त्याला पर्वाच उरली नसेल. विसरला की सुस्तावला हे ओळखणं हेच कठीण आहे."

हे ओळखायचे कसे? युक्ती साधी आहे. धडा औषधाच्या अमलाखाली द्यायचा आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी, औषध उतरल्यावर घ्यायची. त्यासाठी दोन खोल्यांची पेटी वापरतात, एक खोली उजेडाची, एक अंधाराची. उंदराला अंधार आवडतो, तो लगेच आत शिरतो. आत त्याला हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवले की साधा उंदीर दाराशी थबकतो, आत जायला तयार होत नाही. पण आदल्या दिवशी धड्याच्या आधी ज्याला डायझेपाम दिलेले असते, तो काही घडलेच नाही अशा थाटात आत निघून जातो. आता त्याच्या अंगात औषध नाही, सुस्ती नाही. झटका तेव्हा त्याला बसला होता, तो दचकलाही होता. फक्त त्याची नोंद राहिली नाही.

आणि खरी शिकवण पुढे आहे. तेच औषध धडा दिल्यानंतर दिले, तर उंदीर बहुधा धडा विसरत नाही. म्हणजे जुने पुसले जात नाही, नवे लिहिले जात नाही.

पाण्याच्या हौदातल्या प्रयोगातही हेच दिसते. ब्रिटनच्या रिचर्ड मॉरिस यांनी 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. गढूळ पाण्याचा गोल हौद, पाण्याखाली कुठेतरी न दिसणारा एक चौथरा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि भिंतींवरच्या खुणा पाहून काही दिवसांत त्याची जागा पक्की करतो. डायझेपाम दिलेला उंदीर नीट पोहतो, पण चौथऱ्याची जागा शिकायला त्याला फार जड जाते. मात्र ज्याने आधीच जागा शिकून घेतली आहे, तो औषध घेऊनही ती शोधू शकतो. माकडांना एक रंग दाखवून, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, मग दोन रंगांतून तोच निवडायला लावतात. या जातीची औषधे दिलेल्या माकडांची निवड चुकू लागते.

आता माझी बहीण आणि तिचा गुडघा आठवा. गोळी नऊला, फोन साडेनऊला. त्या दिवशी दुपारी काय जेवले ते मला सांगता आले असते. पन्नास वर्षांपूर्वी अलिबागला बोटीत कोण कोण होते तेही सांगता येते. गेले ते फक्त गोळीनंतरचे.

रोजकीर्द आणि खतावणी

आपल्यापैकी ज्यांनी दुकानात किंवा कचेरीत काम केले आहे त्यांना हे चटकन कळेल. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतात. मग कारकून बसून ते खतावणीत चढवतो. मेंदूतही तसेच आहे. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो हा कारकून. बोलणे चालू असताना ते रोजकीर्दीत असते, म्हणून गोळी घेतलेला माणूस नीट गप्पा मारतो, उत्तरे देतो, हसतो. पण कारकुनाला गुंगी आलेली असते. रात्रीत ते पान गळून पडते.

हे कसे होते? मेंदूच्या पेशींना शांत करणारे एक रसायन आपल्या मेंदूतच तयार होते, त्याला गाबा म्हणतात. ते गाडीच्या ब्रेकसारखे. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली, ती हा ब्रेक जास्त घट्ट दाबतात. झोल्पिडेमचे घराणे वेगळे, पण ते बसते त्याच जागी.

मग असे करता येणार नाही का, की सुस्ती यावी पण विसर पडू नये? स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या संशोधकांनी 1999 साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. गाबाच्या कुलपांचे अनेक प्रकार आहेत. त्यातले एक कुलूप त्यांनी उंदरांच्या जातीतच असे बदलले की डायझेपामची किल्ली त्याला लागू नये. त्या उंदरांना डायझेपाम दिल्यावर भीती कमी झाली, पण सुस्ती आली नाही, आणि धडाही ते विसरले नाहीत. म्हणजे सुस्ती आणि विसर एकाच दारातून येतात. या गोळ्यांकडून एक घेऊन दुसरे परत करता येत नाही.

कोणी म्हणेल, उंदरांचे माणसाला कसे लागू? ज्यांची पोटाची किंवा आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली आहे त्यांनी आठवून पाहावे. बऱ्याच ठिकाणी त्या वेळी मिडाझोलाम देतात, ते याच घराण्यातले. डॉक्टर "कूस बदला" म्हणतात, आपण बदलतो. "दुखतं का?" म्हणतात, आपण उत्तर देतो. आणि घरी आल्यावर म्हणतो, मला तर काहीच कळलं नाही. कळले होते. नोंद झाली नाही. तिथे ती सोय आहे. घरी रोज रात्री ती सोय राहत नाही.

मुळी असो वा गोळी

"मी इंग्रजी गोळी घेत नाही, झाडपाल्याचं घेते, त्यानं काही होत नाही," असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी मुंबईचीच एक गोष्ट सांगते.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात झोपेसाठी आणि वेडावर फार पूर्वीपासून देत आले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले, आणि 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतले रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. आपल्यातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी रक्तदाबासाठी ते घेतलेही असेल.

हेच रेसर्पिन माकडांना देऊन पाहिले. माकडासमोर दोन खळग्यांपैकी एकात खाऊ ठेवायचा, दोन्ही झाकायचे, मध्ये पडदा ओढायचा, काही सेकंदांनी पडदा काढायचा. साधे माकड बरोबर हात घालते. रेसर्पिन दिलेल्या माकडांच्या चुका वाढल्या, असे 1993 साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवले. दुसरे एक औषध, क्लोनिडिन, दिल्यावर त्या पुन्हा कमी झाल्या. रेसर्पिन गाबाच्या कुलपाला हात लावत नाही. ते कपाळामागच्या मेंदूला जागे ठेवणारी रसायने आटवते. रस्ता निराळा, पण नुकतेच पाहिलेले हातातून निसटते ते तसेच.

तिसरा रस्ताही आहे. सर्दीच्या जुन्या गोळ्या, ज्यांनी डोळे मिटायला लागतात, आणि इथे अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या. यांत डायफेनहायड्रामाइन किंवा त्याचे भावंड असते. ते अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन अडवते. प्रयोगशाळेत जनावराला मुद्दाम विसराळू करायचे असेल तर स्कोपोलामाइन टोचतात, त्याचाही हाच रस्ता. तेव्हा झाडाचे आहे, चिठ्ठीशिवाय मिळते, एवढ्यावरून कोणतेही गुंगीचे औषध मेंदूला निरुपद्रवी ठरत नाही.

हे औषध वाईट आहे का?

नाही. मला तसे म्हणायचे नाही. या घराण्याचे पहिले औषध लिओ स्टर्नबाख यांनी शोधले. ते ज्यू होते, 1908 साली आज क्रोएशियात असलेल्या ओपातिया गावी जन्मले. युरोपात ज्यूंवर संकट कोसळले तेव्हा त्यांच्या कंपनीने त्यांना 1941 साली स्वित्झर्लंडहून अमेरिकेत न्यू जर्सीला हलवले. तिथे त्यांनी बनवलेले एक चूर्ण निरुपयोगी समजून फळीवर पडून होते. 1957 साली टेबलांची आवराआवर करताना ते सापडले, आणि टाकून देण्याऐवजी जनावरांवर तपासायला दिले. उंदीर, मांजरे, माकडे शांत झाली, पण जागी राहिली. 1960 साली लिब्रियम बाजारात आले, 1963 साली डायझेपाम. त्याआधीची झोपेची औषधे जास्त झाली तर माणूस पुन्हा उठत नसे. त्या मानाने ही फारच सुरक्षित होती. आजही फिट थांबवायला, शस्त्रक्रियेच्या आधी, अचानक आलेल्या तीव्र घबराटीत ती लागतात. मोत्याला चार जुलैला ती लागली आणि त्याची रात्र बरी गेली.

प्रश्न रोज घेण्याचा आहे, आणि आपल्या वयाचा आहे. अल्प्राझोलामची अर्धी मात्रा तरुणाच्या रक्तातून उतरायला साधारण 11 तास लागतात, म्हाताऱ्या माणसात साधारण 16. डायझेपामला तर दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे कालची पुरती उतरण्याआधी आजची चढते. सकाळी डोके जड, चाल डळमळती, न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. डॉक्टर मार्क बीयर्स यांनी 1991 साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. अमेरिकेतली वृद्धचिकित्सकांची संस्था ती आता सुधारत असते, 2023 सालीही सुधारली. पासष्टीच्या पुढे झोपेसाठी या गोळ्या टाळाव्यात, झोल्पिडेमही टाळावे, असे त्या यादीत स्पष्ट आहे. झोल्पिडेमची बायकांसाठीची मात्रा तर अमेरिकेच्या औषध खात्याने 2013 सालीच निम्म्यावर आणायला लावली, कारण सकाळपर्यंत ते रक्तात उरत होते. आपल्या देशात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही 2014 पासून एच-वन वर्गात आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि दिल्यावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवायचे, असा नियम आहे. जुनी मळकी चिठ्ठी वर्षानुवर्षे दाखवत राहणे, जे मी केले, ते त्या नियमात बसत नाही.

या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाचा कायमचा रोग होतो असे मी म्हणणार नाही. त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. गोळीने पडणारा विसर रोगासारखाच दिसतो. तेव्हा सत्तरीतल्या माणसाला "वय झालं" म्हणण्याआधी त्याचा औषधांचा डबा उघडावा. कुत्र्याच्या गोळीसाठी आपण वजन, वय, यकृत, जिना सगळे विचारतो. आईच्या गोळीसाठी कोणी विचारत नाही, आणि आईही विचारत नाही. उंदराचे एक बरे असते. त्याला विसर पडला की कोणी त्याचे वय काढत नाही, आज याला काय दिले होते हेच आधी विचारतात.

मी काय केले, तुम्ही काय करावे

सर्वांत आधी काय करू नये ते सांगते. हा लेख वाचून आज रात्री गोळी बंद करू नका. इतकी वर्षे दाबलेला ब्रेक एकदम सोडला तर झोप पार उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, फिटसुद्धा येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी, आठवडे किंवा महिने घेऊन कमी करायची असते. आणि फिटसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी ही गोळी दिली असेल, तर तिला हात लावण्याआधी डॉक्टरांशी बोला.

मी मुलीबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि सगळे डबे टेबलावर मांडले. रोजची, अधूनमधूनची, सर्दीची, झाडपाल्याची, काही लपवले नाही. गोळी उतरवायला मला साडेपाच महिने लागले. पहिले आठवडे वाईट गेले. पहाटे तीनला उठून खिडकीत बसायची. मोत्या पायाशी येऊन बसे. मन वळवायला एक गोष्ट उपयोगी पडली. कॅनडात क्यूबेकमध्ये 65 ते 95 वर्षांच्या 303 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2014 साली छापला गेला. सगळे वर्षानुवर्षे या गोळ्या घेणारे. निम्म्यांना फक्त एक पुस्तिका दिली, गोळीचे धोके आणि ती हळूहळू कशी सोडायची एवढेच त्यात होते. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात फक्त 5 टक्क्यांनी. म्हणजे नीट सांगितले तर आपले म्हातारे ऐकतात.

झोपेसाठी गोळीऐवजी काय? झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार सुधारण्याचा एक ठरावीक उपचार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली तोच पहिला उपाय म्हणून सुचवला. थोडक्यात सांगायचे तर उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची. दुपारची डुलकी टाळायची, निदान अर्ध्या तासावर जाऊ द्यायची नाही. झोप आली तरच अंथरुणावर जायचे, वीस मिनिटांत नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. आणि सकाळचा उजेड अंगावर घ्यायचा.

शुक्रवार रात्रीबद्दल एक शब्द. आपल्याकडे किद्दुशला मनुकांचे शरबत करतात, त्यात काही धोका नाही. परदेशात मुलांकडे खरी वाइन असते. दारूही तोच गाबाचा ब्रेक दाबते. गोळी आणि वाइन एकाच रात्री घेऊ नये. तोल जातो, विसर वाढतो, श्वासही मंदावू शकतो.

गोळी चालू असेल तोवर एक करा. महत्त्वाचे बोलणे गोळीच्या आधी उरका, नंतरचे कागदावर लिहून ठेवा. आणि मुलांनो, आई-बाबा रात्री बोललेले सकाळी विसरले, तर रागावण्याआधी फोन किती वाजता झाला आणि गोळी किती वाजता घेतली ते विचारा.

गोळी सुटून आता दोन महिने झाले. माझी झोप अजून पूर्वीसारखी नाही. पाच तास होते, कधी साडेपाच. चष्मा अजूनही शोधते. स्मृतिभ्रंशाची तपासणी मी टाळली नाही, ती झाली. डॉक्टर म्हणाले, सध्या काळजीचे काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा पाहू. पुढे काय होईल ते देवाच्या हाती.

पण मागच्या मंगळवारी रात्री बहिणीचा फोन आला. ती आता काठीशिवाय बाजारात जाते. भोपळा कितीला मिळाला, कोणाच्या नातवाचे लग्न ठरले, सारे तिने सांगितले. बुधवारी संध्याकाळी मीच तिला फोन लावला आणि भोपळ्याचा भाव तिला परत सांगितला. ती पलीकडे हसत सुटली.